रात्री अकरानंतरचा प्रेक्षक : दूरचित्रवाणी, प्रौढ आशय आणि वेळेचे नियमन

२२ एप्रिल २०१२ या रविवारी ‘द डर्टी पिक्चर’ हा मिलन लुथरिया दिग्दर्शित चित्रपट सोनी वाहिनीवरून दुपारी बारा आणि रात्री आठ अशा दोन वेळांना दाखवला जाणार होता. चित्रपटगृहात तो ‘ए’ प्रमाणपत्रासह आला होता. विद्या बालन यांना त्यातील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार नुकताच जाहीर झाला होता. दूरचित्रवाणीसाठी त्यात पन्नासहून अधिक ठिकाणी काटछाट करण्यात आली आणि या कापलेल्या आवृत्तीला परिनिरीक्षण मंडळाने ‘यूए’ प्रमाणपत्र दिले. म्हणजे शासनानेच नेमलेल्या यंत्रणेने, मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांनी पाहण्यास ही आवृत्ती योग्य आहे, असा निर्वाळा दिला होता. तरीही ऐन वेळी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिनीला सूचना केली, की हा चित्रपट रात्री अकरानंतरच दाखवावा. त्या दिवशी तो दाखवला गेला नाही.

या घटनेची चर्चा त्या वेळी नैतिकता विरुद्ध अभिव्यक्तिस्वातंत्र्य या ठरीव चौकटीत झाली आणि विरून गेली. समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात वेगळा पेच आहे. एकाच संहितेवर येथे दोन हत्यारे चालवली गेली : आधी कात्री, मग घड्याळ. ही दोन्ही एकाच जातीची, कमी-अधिक धारेची साधने आहेत, असे सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुतः त्यांच्यामागची तत्त्वे परस्परभिन्न आहेत, आणि नीट पाहिल्यास परस्परविरोधीही. कात्रीचा अधिकार संहितेवर चालतो. ती म्हणते, हा भाग कोणीच पाहू नये. घड्याळ संहितेला हात लावत नाही. ते ग्रहणाच्या प्रसंगाविषयी बोलते : हे अखंड राहू द्या, फक्त अमुक प्रहरापर्यंत थांबा. घड्याळ हा कात्रीला दिलेला पर्याय असेल तरच त्याचे समर्थन करता येते. कात्री चालवून झाल्यावर वर घड्याळही लावायचे असेल, तर कात्रीने नेमके काय साधले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

अन्यत्र हे घड्याळ कसे आले, हे थोडक्यात पाहता येईल. अमेरिकेत एका विनोदकाराचे शिवराळ शब्दांविषयीचे स्वगत १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने भर दुपारी प्रसारित केले. ते मोटारीत मुलासह ऐकलेल्या एका पित्याने तक्रार केली. १९७८ साली ‘पॅसिफिका’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियामकाचा अधिकार मान्य केला, पण तो मान्य करताना त्या शब्दांइतकेच वजन प्रसारणाच्या वेळेला आणि ऐकणाऱ्यांत मुले असण्याच्या शक्यतेला दिले. त्यातूनच पुढे रात्री दहा ते सकाळी सहा हा तुलनेने मोकळा कालखंड स्थिरावला. ब्रिटनमध्ये रात्री नऊची सीमारेषा आहे. तिच्याआधी मुलांना अयोग्य असे काही नको आणि तिच्यानंतरही एकदम टोकाचे नको, असा तिचा संकेत. दोन्हीकडे घड्याळ हे एक देवघेवीचे कलम आहे. प्रौढांनी संध्याकाळ मुलांना दिली, त्या बदल्यात रात्र आपल्याकडे ठेवली.

भारतात असा करार झाला का? केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम १९९५ सालचा. त्याखालच्या नियमांवर मात्र १९९४ हे साल आहे, कारण त्याआधीच्या अध्यादेशाखाली ते केले गेले होते. या नियमांतील सहावा नियम म्हणजे कार्यक्रमसंहिता. एखाद्या कवितेचे करावे तसे या नियमाचे बारकाईने वाचन केले, तर त्यात दोन निवेदक बोलत असल्याचे दिसते. उपनियम पाच म्हणतो, की मुलांना अयोग्य असे कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत. या वाक्याचा अर्थ लागण्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते : मुलांना अयोग्य असे कार्यक्रम असू शकतात आणि ते अन्य वेळी दाखवले जाऊ शकतात. हा घड्याळाचा आवाज. पण त्याच नियमाच्या पहिल्या उपनियमात, वर्ज्य गोष्टींच्या लांबलचक यादीत, एक खंड असा आहे की जो कार्यक्रम अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य नाही, तो दाखवूच नये. त्यात वेळेचा उल्लेख नाही. प्रहर कोणताही असो. हा कात्रीचा आवाज. पहिला आवाज खरा मानला तर दुसऱ्याला काही काम उरत नाही. दुसरा खरा मानला तर पाचवा उपनियम केवळ शोभेचा ठरतो, कारण मुलांना अयोग्य असे काही शिल्लकच राहत नाही, की ज्याची वेळ ठरवावी. विधिज्ञ अशा वेळी सुसंवादी अर्थनिर्णयाचा मार्ग काढतात. समीक्षकाने मात्र ही विसंगती आहे तशी नोंदवावी, कारण पुढची सारी नाट्ये तिच्यातूनच उद्भवली आहेत.

त्यातले सर्वांत मोठे नाट्य मुंबईत घडले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभा नैथानी यांनी २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. केबलवरून घरात येणाऱ्या प्रौढ चित्रपटांवर तिचा रोख होता. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की ‘यू’ अथवा ‘यूए’ प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट दाखवावेत. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आदेशाच्या अंमलबजावणीसाठी केबलचालकांची उपकरणे ताब्यात घेतली आणि शहरातल्या चित्रपट वाहिन्या काही दिवस काळ्या पडल्या. त्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन चित्रपट, चित्रगीते, त्यांच्या जाहिराती, झलका, संगीतफिती या सगळ्यांनाच अनिर्बंध प्रदर्शनाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. नियमाच्या पोटातील दोन आवाजांपैकी कात्रीचा आवाज विजयी झाला. प्रौढांसाठीचा चित्रपट उशिरा दाखवावा की लवकर, हा प्रश्नच निकालात निघाला. तो दाखवायचा असेल तर आधी तो प्रौढांसाठीचा राहता कामा नये.

या याचिकेला पुराणमतवादी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे आणि अनेकांनी ते केले. ते न्याय्य नाही. तिच्या मुळाशी माध्यमाविषयीचे एक अचूक निरीक्षण होते. पुस्तक वाचकाची वाट पाहते. वाचक उठून त्याच्याकडे जातो. चित्रपटगृहाला दार असते आणि दारावर तिकीट फाडणारा माणूस असतो. १९५२ च्या चलचित्र अधिनियमातील ‘ए’ प्रमाणपत्राचा सारा भार प्रत्यक्षात या दारावरच्या माणसावर आहे. तो नसता तर ते अक्षर पडद्यावरची एक नक्षी ठरले असते. दूरचित्रवाणीला दार नाही. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली तिचे वर्णन ‘प्रवाह’ या संकल्पनेने केले होते. सुटे सुटे कार्यक्रम नव्हेत, तर जाहिरात, झलक, बातमी, मालिका यांचा न तुटणारा ओघ हेच या माध्यमाचे खरे रूप होय. ओघाला सुटी संहिता मानून तिला वेळ नेमून देणे त्यामुळे अर्धेच साधते. रात्री अकराच्या कार्यक्रमाची झलक दुपारी चारच्या मालिकेत डोकावते आणि मुलाच्या मनात रात्री अकराविषयी जे कुतूहल पेरायचे ते पेरून जाते. २००६ च्या दुरुस्तीत झलकांचा स्वतंत्र उल्लेख आला, यावरून नियम करणाऱ्यांनाही हे उमगले होते असे दिसते. दार नसलेल्या घरात घड्याळाला दारवान नेमणे ही कल्पना म्हणूनच मुळात चुकीची नाही. प्रश्न असा, की हा दारवान कोणाला ओळखतो?

वाचककेंद्री समीक्षेने ‘गर्भित वाचक’ ही संकल्पना रूढ केली. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतूनच आपला एक वाचक घडवत असते. तो प्रत्यक्षातील कोणी व्यक्ती नसतो. नियमालाही असा गर्भित प्रेक्षक असतो. ‘रात्री अकरानंतर’ या दोन शब्दांत एक संपूर्ण घर दडलेले आहे. त्या घरात मुले दहाच्या सुमारास आपल्या खोलीत झोपायला जातात. आईवडील बैठकीच्या खोलीत उरतात. बैठकीच्या खोलीत कोणी झोपत नाही. मधल्या भिंतीला दार आहे आणि ते लावता येते. म्हणजे घड्याळाचा नियम हा खरे पाहता घराच्या नकाशाविषयीचा नियम आहे. काळाच्या भाषेत तो अवकाशाविषयी बोलतो.

हा नकाशा महाराष्ट्रातील किती घरांचा आहे, हे पडताळण्यासाठी दारिद्र्याच्या टोकाला जाण्याची गरज नाही. नवीन पनवेलच्या पश्चिमेकडील खांदा कॉलनी उदाहरणादाखल घेता येईल. ही झोपडपट्टी नव्हे किंवा शतकापूर्वीची चाळही नव्हे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नगररचनेतील ही वसाहत आहे : सेक्टर, सरळ रस्ते, शाळा, चांगू काना ठाकूर महाविद्यालय, हार्बर मार्गावरचे खांदेश्वर स्थानक. म्हणजे येथे घराचा आराखडा एका शासकीय संस्थेने काढलेला आहे आणि त्या घरातल्या रात्रीचा आराखडा काढू पाहणारी यंत्रणाही शासनाचीच. हे दोन्ही आराखडे कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले गेले असतील असे वाटत नाही. अशा वसाहतींतील वन-आरके किंवा छोट्या वन-बीएचके घरात दूरचित्रवाणी संच जिथे असतो तीच बैठकीची खोली, तीच अभ्यासाची आणि गाद्या घातल्या की तीच निजायची. रात्री अकरानंतर मूल त्या खोलीतून बाहेर जात नाही. ते संचासमोरच झोपलेले, किंवा झोपेचे सोंग घेतलेले असते. त्या संचावर अकरानंतर काय लागते, याने त्याचे जे व्हायचे रक्षण ते होत नाहीच. उलट मोठ्यांचा हक्कही बजावता येत नाही, कारण रिमोट आईच्या हातात आणि आवाज शून्यावर.

याच घरातल्या प्रौढाचा दिवस पाहावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पनवेलपर्यंतचा लोकलचा प्रवास सुमारे ऐंशी मिनिटांचा. साडेनऊची गाडी पकडणारा माणूस खांदेश्वरला उतरतो तेव्हा अकरा वाजत आलेले असतात, आणि सकाळी त्याला पुन्हा पहिल्या-दुसऱ्या गाडीला पळायचे असते. ज्या प्रौढासाठी रात्र राखून ठेवली तो जेवून लवंडतो. जागा राहतो तो कोण? परीक्षेसाठी जागणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. घड्याळाने ज्याला बाहेर ठेवायचे तोच नेमका आत, आणि ज्याला आत घ्यायचे तो घोरत पडलेला, असा हा उलटा न्याय आहे. ब्रिटनने रात्री नऊची रेषा आखली ती तेथील घराच्या आणि निजण्याच्या वेळेच्या हिशेबाने. आपल्याकडे ती अकरावर ढकलली गेली, म्हणजे हिशेब उदार करण्याऐवजी अधिक सोवळा झाला. पण सोवळेपणा वाढला म्हणून खोल्या वाढल्या नाहीत.

काळ आणि ग्रहण यांचा संबंध मराठी सांस्कृतिक परंपरेला अपरिचित नव्हता. तमाशाचा फड रात्रीच रंगतो. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग हा त्याचा क्रम; रात्र जशी चढते तशी रंगबाजीची रीत बदलते आणि समोरचा प्रेक्षकही बदलतो. पेंगणारी पोरे कोणाच्या तरी खांद्यावरून घरी जातात, काही मागे रेंगाळतात, आणि कोणी रेंगाळले हे गावाला ठाऊक असते. बैठकीच्या लावणीला तर काळाइतकाच अवकाशाचाही कडक संकेत होता. हे नियमन कोणत्याही राजपत्रात नव्हते. समूहाच्या डोळ्यांत होते. त्यात अन्यायही पुष्कळ होता, विशेषतः कलावंत स्त्रियांच्या वाट्याला आलेला. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र त्या संकेताला एक गोष्ट अवगत होती, ती आजच्या नियमाला नाही : प्रौढांचा प्रहर हा संहितेचा लांच्छनाचा शिक्का नसून तिचा घटकावयव असतो. वग मध्यरात्रीचा असतो म्हणूनच तो तसा असतो.

यातला विनोद असा, की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले, आणि जत्रांतले तमाशे त्या मर्यादेत कोंबले गेले. जिवंत कलेला दहाच्या आत आटपायला सांगायचे आणि पडद्यावरच्या प्रतिमेला अकरानंतर यायला सांगायचे! दोन्ही नियमांची कारणे वेगवेगळी आहेत आणि पहिल्याचे कारण निःसंशय योग्य आहे. पण परिणामी मराठी माणसाची रात्र घराबाहेर संपते आणि घरात कोंडली जाते.

संस्कृत काव्यशास्त्राकडेही या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. मम्मटाने अश्लीलता हा दोष मानला आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकार सांगितले. पण त्याच विवेचनात हे दोष नित्य नाहीत, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता यांवर ते अवलंबून असतात आणि विशिष्ट गोष्टीत दोषाचा गुणही होतो, अशी व्यवस्था आहे. क्षेमेंद्राने औचित्याच्या स्थानांत काल आणि देश यांना जागा दिली. हा काल रचनेच्या आतला आहे, प्रसारणाच्या वेळापत्रकातला नव्हे. त्यामुळे ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. तरीही त्यातील विचाराची दिशा महत्त्वाची आहे. दोष शब्दात चिकटलेला नसून शब्द, ग्राहक आणि प्रसंग यांच्या संबंधात असतो, असे मानणाऱ्या शास्त्राला घड्याळ समजू शकते. कात्री मात्र त्याला समजणार नाही, कारण कात्री दोष शब्दात पाहते. काव्यशास्त्राची गाळणी ‘अधिकारी’ ही होती, वय नव्हे. सहृदयता वर्षांनी येत नाही, हे त्यांना माहीत होते.

आधुनिक मराठीत हाच वाद न्यायालयात गेला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवली आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. युक्तिवादाच्या केंद्रस्थानी होता तो किशोरवयीन वाचक : अंक त्याच्या हाती पडला तर? दिवाळी अंक हा तर घरभर फिरणारा. आजोबांच्या उशाशी, स्वयंपाकघरात, शाळेच्या दप्तरात. त्याला प्रहर नेमून देणे अशक्यच. आणि तरीही न्यायालयाने किशोराची ढाल करून प्रौढाचे साहित्य बाद केले नाही. कथेत लैंगिक उल्लेख आहेत एवढ्यावरून ती वाचकाला बिघडवते असे ठरत नाही, असे म्हटले. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी, १९७२ नंतर, कमलाकर सारंग यांना परिनिरीक्षण मंडळाविरुद्ध न्यायालयात जावे लागले आणि तेथे नाटकाच्या बाजूने कौल मिळाला. कादंबरी-कथेला दार नव्हते, नाटकाला होते. दोन्ही प्रसंगी प्रौढ ग्राहक शिल्लक राहिला.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही आरंभ याच वळणाचा होता. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झाली आणि ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला दिलेली स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तेथे जो निकष स्वीकारला गेला तो १९४७ साली नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडलेला : शब्दांचा परिणाम तोलायचा तो विवेकी, खंबीर, धीट माणसाच्या मनावरचा, कमकुवत आणि डळमळीत मनाच्या माणसावरचा नव्हे. ‘तमस’चा विषय लैंगिक नव्हता, फाळणीच्या काळातल्या दंग्याचा होता, त्यामुळे दोन खटल्यांची तुलना मर्यादेतच करावी लागेल. तथापि गर्भित प्रेक्षकाचा शोध घ्यायचा तर ही तुलना टाळता येत नाही. १९८८ चा प्रेक्षक खंबीर मनाचा नागरिक आहे. २००५ चा प्रेक्षक लहान मूल आहे. सतरा वर्षांत भारतीय दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाचे वय इतके कमी झाले! एक फरक आणखी : ‘तमस’च्या वेळी न्यायाधीशांनी संहिता पाहिली, म्हणजे वाचन केले. २००५ च्या आदेशात प्रमाणपत्रावरचे अक्षर पुरेसे ठरले. अक्षर पाहणे हे वाचन नव्हे.

कात्री जिंकल्यावर घड्याळ निवृत्त व्हायला हवे होते. झाले उलटेच. २००७ च्या एप्रिलपासून ‘एफटीव्ही’ ही वाहिनी दोन महिने बंद करण्यात आली. आक्षेप होता तो ज्या कार्यक्रमावर त्याच्या नावातच मध्यरात्र होती. म्हणजे मध्यरात्र हे संरक्षण नाही, असे शासन सांगत होते. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ यांना रात्री अकरा ते पहाटे पाच या काळात जाण्याचा आदेश त्याच शासनाने दिला, म्हणजे मध्यरात्र हे संरक्षण आहे, असे तेच शासन सांगू लागले. पहिल्या कार्यक्रमापुरती या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली. २०११ साली प्रसारकांच्या संघटनेने स्वनियमनाची संहिता करून ‘सर्वसामान्य’ आणि ‘निर्बंधित’ असे दोन वर्ग पाडले आणि दुसऱ्याला अकरा ते पाच हा काळ दिला. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार मंडळ आले. कागदावर ही व्यवस्था समंजस होती. पण चित्रपटांना ती लागू होऊन उपयोग नव्हता, कारण प्रौढ चित्रपट मुळात कापूनच यायचा. ‘द डर्टी पिक्चर’ला आधी कात्री आणि मग घड्याळ का भोगावे लागले, याचे उत्तर या दुहेरीपणात आहे. दोन आवाजांपैकी एकालाही गप्प करण्याचे धैर्य नियमाने दाखवले नाही. दोघांनाही आळीपाळीने बोलू दिले.

या घड्याळाचे खरे स्वरूप सर्वांत उघडे पडले ते डिसेंबर २०१७ मध्ये. निरोधाच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवाव्यात, अशी सूचना मंत्रालयाने काढली. राजस्थान उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर, ज्या जाहिरातींत लैंगिकतेचे उद्दीपक चित्रण नाही त्यांना ती लागू नाही, असा खुलासा आला. खुलासा आला हे बरे झाले. पण सूचना निघू शकली, हेच बोलके आहे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ज्या देशात दशकानुदशके भिंतीभिंतींवर रंगवला गेला, एड्सविषयीच्या जागृतीसाठी शासनाने स्वतः जाहिराती केल्या, तेथे वस्तूचे नावच रात्रीचे ठरले. खांदा कॉलनीतल्या नवविवाहित जोडप्याला, किंवा महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला, ही माहिती संध्याकाळी सात वाजता मिळाल्याने कोणाचे बालपण हिरावले जाणार होते? मुलाला काय सोसवेल, हा प्रश्न येथे मागे पडलेला दिसतो. मुलासमोर मोठ्यांना काय अवघड वाटते, हा प्रश्न त्याच्या जागी आला आहे. पहिला प्रश्न संगोपनाचा, दुसरा व्रीडेचा. मम्मटाच्या तीन प्रकारांतला पहिला प्रकार असा राजपत्रात अवतरला.

मुलांचे रक्षण हा नियमाचा खरा हेतू असेल, तर हिंसेचे काय? पाचव्या उपनियमात लैंगिकतेचा उल्लेख नाही. ‘मुलांना अयोग्य’ एवढेच शब्द आहेत. सायंकाळच्या बातम्यांत पुनःपुन्हा फिरणारी मारहाणीची दृश्ये, गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर, कौटुंबिक मालिकांतील सुनेचा चवीने केलेला छळ यांना अकराची रेषा लागलेली फारशी दिसत नाही. सासूने सुनेच्या अंगावर ओतलेले तेल आठ वाजता चालते. नवराबायकोचे चुंबन अकराला. कोणती गोष्ट दिवसाची आणि कोणती रात्रीची, याची ही विभागणी संस्कृतीची गुप्त सूची आहे आणि दूरचित्रवाणीच्या मराठी समीक्षेने तिचे वाचन अद्याप पुरते केलेले नाही. मालिकांची समीक्षा आपल्याकडे कथानकाच्या सुमारपणावर टोमणे मारून संपते. वेळ हा त्या संहितेचा अर्थघटक आहे, प्राइम टाइम हा एक साहित्यप्रकार आहे, हे तिने गांभीर्याने घेतलेले नाही.

आता घड्याळ स्वतःच जुने होत चालले आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी महाजालावरील मंचांसाठी वयानुसार वर्गवारी आणली : सात, तेरा, सोळा आणि प्रौढ, आणि तेथे प्रहराचा प्रश्न नाही, कुलूप आहे. २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती अधिनियमाने ‘यूए’चे तेच तीन वयोगट चित्रपटाला लावले आणि ‘ए’ चित्रपटाला दूरचित्रवाणी वा अन्य माध्यमांसाठी वेगळे प्रमाणपत्र देण्याची तरतूद कायद्यात आणली. म्हणजे ‘द डर्टी पिक्चर’च्या वेळी जे एका चित्रपटाचे दुर्दैव वाटले ते आता नियमित व्यवहार म्हणून मान्य झाले : चित्रपटाच्या दोन आवृत्त्या, एक दाराच्या आतली, एक घरातली.

खांदेश्वरला उतरणाऱ्या गाडीत आज कानात बोंडे घालून बसलेला प्रवासी अखंड आवृत्ती हातातल्या पडद्यावर पाहत असतो. शेजारच्याची मान तिरकी होते तेव्हा तो पडदा किंचित कलता करतो, आणि तेवढेच त्याचे दार. घरी पोहोचल्यावर बैठकीच्या संचावर त्याच चित्रपटाची कापलेली आवृत्ती रात्री आठची सुरू होऊन संपत आलेली असते. कापलेल्या आवृत्तीत संवादाच्या जागी शांतता असते, ओठ हलतात, दृश्य मध्येच तुटून पुढे उडी घेते, आणि मूल विचारते, मध्ये काय झाले? साहित्यसंशोधनात पाठभेदांची चिकित्सा ही प्रतिष्ठेची शाखा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींपासून तिने मराठीत मोठे काम केले. दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या आवृत्त्यांना असा संपादक नाही. कोणत्या दृश्यावर, कोणाच्या सांगण्यावरून, किती कात्री चालली, याची नोंद अभ्यासकाच्या हाती सहजी येत नाही. चित्रपटावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी बहुधा जी प्रत हाताला लागेल ती प्रमाण धरतो, आणि पुष्कळदा ती प्रत रात्री आठची असते.